आधी काटा तपासा: डीएनए रिपोर्टच्या मागची गोष्ट

चिकोडी, अथणी, निपाणीकडं उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्याकडेला ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि त्या रांगेतल्या कुणालाही विचारा, डोक्यात एकच असतं, काटा मारत तर नाहीत ना. म्हणून बरेच जण आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतात आणि मगच कारखान्यात ट्रॉली घालतात.

मग कोर्टात डीएनएचा रिपोर्ट आला की आपण सगळे गप्प का होतो हो? जुळलं म्हणजे जुळलं, विषय संपला. पण ज्या पद्धतीनं जुळवलं ती पद्धत कुणी तपासली का, हे कोण विचारतं?

या तपासणीला लॅबवाले व्हॅलिडेशन म्हणतात. ज्याचं उत्तर आधीच पक्कं माहीत आहे असं सॅम्पल घ्यायचं, मशीनवर लावायचं, दुसऱ्या माणसाकडून परत लावून घ्यायचं, दर वेळी तेच येतंय का बघायचं. मग ते पातळ करत जायचं. एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा हिस्सा, डीएनए म्हणजे साधारण १५० पेशी, त्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली गेलं की प्रोफाइलमधले, म्हणजे माणसाची ओळख सांगणाऱ्या आकड्यांच्या यादीतले, काही आकडे गळायला लागतात, म्हणून कुठल्या रेषेच्या खाली आपण बोलायचंच नाही हे लॅबनं आधी ठरवून ठेवायला लागतं. दोघांचं रक्त मिसळलेलं असेल तर तेही वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून बघायचं.

आणि माती! खानापूर, जांबोटीच्या जंगलात पावसात कुजलेल्या पाल्याखाली हाड सापडलं तर त्याला ह्युमिक ॲसिड चिकटलेलं असतं, ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या पुष्कळ प्रती काढायची पद्धत, अडवतं, म्हणून डीएनए असूनसुद्धा मशीन कोरंच दाखवतं. कंपनीनं किट, म्हणजे तपासणीचा तयार रसायनांचा संच, तिच्याकडं तपासलंय हे ठीक, पण आपल्या लॅबनं आपल्या मशीनवर, आपल्या माणसांकडून परत तपासायलाच लागतं.

इंग्लंडात लेस्टरला ॲलेक जेफ्रीजना डीएनए फिंगरप्रिंट सापडला १९८४ ला. पाचच वर्षांनी, १९८९ ला, न्यूयॉर्कच्या एका खून खटल्यात घड्याळावरचं रक्त मयत बाईशी जुळतं असं लॅबनं सांगितलं, पण दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ एकत्र बसले आणि म्हणाले, हे काम भरवशाचं नाही. कोर्टानं ते जुळणं मान्य केलं नाही. पुढं आरोपीनं गुन्हा कबूल केला, तरी त्या दिवशी तो पुरावा कच्चाच होता, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

जर्मनीत तर पोलीस कित्येक वर्षं एका बाईच्या मागं होते, चाळीसेक गुन्ह्यांच्या जागी तिचाच डीएनए. २००९ ला कळलं, नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्या पॅक करणाऱ्या कामगार बाईचा तो डीएनए. काड्या निर्जंतुक होत्या, पण जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. रिपोर्टमध्ये 'कोट्यवधींत एक' असा आकडा असतो, तो येतो डीएनएचा कुठला प्रकार समाजात किती जणांत आहे या हिशोबातून. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न होतं, काही घरांत मामा-भाचीचंसुद्धा होतं, त्यामुळं एकाच समाजात तेच प्रकार जास्त जणांत असायची शक्यता वाढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९६ च्या अहवालात म्हणूनच हिशोबात अशा नातेसंबंधांसाठी ०.०१ ची दुरुस्ती सुचवलीय, आणि लहान, आपसातच लग्न करणाऱ्या समाजांसाठी ०.०३. ही दुरुस्ती धरली का, एवढं तरी वकिलांनी विचारावं की.

नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या एका खटल्यात फाशी झालेल्या तिघांना सोडलं. नमुने जप्त झाल्यावर लॅबला जाईपर्यंत दहा दिवसांच्या वर पोलिसांच्या मालखान्यात पडून होते, आणि तज्ज्ञानं पद्धत नीट वापरली का हे खालच्या दोन्ही कोर्टांनी तपासलंच नव्हतं.

लॅबमध्ये प्रत्येक बॅचसोबत एक कोरी ट्यूब चालवतात, रसायनं सगळी तीच, फक्त नमुना न घातलेली. ट्रॉली रिकामी करून परत काट्यावर घेतात ना, तसंच. त्या ट्यूबमध्ये डीएनए दिसला की ती बॅच बाद, परत पहिल्यापासून.