तारामाशाचं जेवण

नमस्कार मंडळी! आज एका अशा प्राण्याबद्दल बोलूया ज्याला ना डोकं, ना मेंदू, ना रक्त, पण भूक मात्र आहे. स्टारफिश, म्हणजे आपला तारामासा. घरी खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर नीट ऐका, नसेल तर नुसती गंमत म्हणून ऐका.

माझ्याकडे पहिला आला तो निळा, लिंकिया म्हणतात त्याला, काय रंग म्हणून सांगू! दुकानदार म्हणाला, "याला काही घालावं लागत नाही, काचेवरचं शेवाळ खाऊन राहतो." झालं, मी पण निश्चिंत. पाच महिने मजेत फिरत होता, मग एक दिवस एका हाताचं टोक मऊ पडलं आणि आठवड्याभरात बिचारा विरघळल्यासारखा झाला. नंतर कळलं, तो पहिल्या दिवसापासून अर्धपोटीच होता. मासा उपाशी असला की पोट खपाटीला गेलेलं दिसतं, हा मात्र बाहेरून तसाच कडक, मग कळणार कसं? लिंकिया दगडांवर जिवाणू-शेवाळाचा जो पातळ थर धरतो त्यावर जगतो, आणि आपल्या तीन फुटी टँकमध्ये तेवढा थर धरतच नाही. कोळंबी दिली तरी बहुतेक वेळा ढुंकून बघत नाही. वाळूत घुसून राहणाऱ्या स्टारफिशची पण तीच कथा, वाळूतले किडे, बारीक गोगलगायी फस्त केल्या की संपलं त्याचं रेशन.

त्यामुळे पहिल्यांदा घेत असाल तर चॉकलेट चिप घ्या, पाठीवर चॉकलेटच्या दाण्यांसारखी तपकिरी टोकं असतात तो. हा खातो, चांगला खातो! तिसऱ्या (शिंपल्यांतलं मांस), कोळंबी, माकूल (स्क्विड), काहीही चालतं, फक्त कच्चं हवं, हळद-मीठ न लावलेलं (आमच्या घरी एकदा फ्रिजमधली मसाला लावलेली कोळंबी टँकमध्ये जाता जाता वाचली). नखाएवढा तुकडा, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. तुकडा वरून टाकून मोकळं व्हायचं नाही हं, तो पोचेपर्यंत मासे पळवतात. चिमट्याने एका हाताच्या टोकापाशी ठेवा, त्याला वासाने कळतं, मग हळूहळू तो तुकड्यावर चढतो आणि तुकडा बरोबर मधे, तोंडाखाली आणतो. आता खरी मजा, त्याचं जठर तोंडातून बाहेर येतं, तुकड्यावर पसरतं, तिथेच पचवायला लागतं आणि काम झालं की परत आत! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जेवायचा थांबलो होतो.

टँकमध्ये क्लीनर श्रिंप, म्हणजे माशांचं अंग साफ करणारी कोळंबी, असेल तर ती स्टारफिशच्या पोटाखालून तुकडा ओढून नेते, अगदी निर्लज्जपणे. मग मी स्ट्रॉबेरीचा भोकांचा डबा उलटा घालतो दोघांवर, म्हणजे स्टारफिश आणि तुकडा. दोन-तीन तासांनी उरलेलं काढायचं, नाहीतर अमोनिया वाढतो आणि सगळ्यांचीच वाट लागते. भरवायला म्हणून त्याला काचेवरून ओढून काढू नका, बारीक पाय तुटतात, पाण्याबाहेर तर अजिबातच नको. आणि हो, टँकमध्ये कोरल (प्रवाळ) असेल तर या चॉकलेट चिपला आणूच नका, कोरलपण जेवणच आहे त्याच्या हिशोबाने.

नवीन आणलेला स्टारफिश लगेच खात नाही, घाबरू नका. त्याच्या शरीरात रक्ताऐवजी जवळपास समुद्राचंच पाणी खेळतं, म्हणून खारटपणा अचानक बदलला की त्याचं अंगच बिघडतं, दुकानाच्या पाण्यातून आपल्या पाण्यात आणताना बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडत दोन तास तरी लावायचे. एकदा रुळला की वास आला रे आला, हाताचं टोक वर उचलतो.

रविवारी बाजारात मासेवाल्या मावशींना मी सांगतो, चार तिसऱ्या वेगळ्या द्या. त्या विचारतात, "घरी मांजर आहे का?" मी हो म्हणून टाकतो, पाच हातांचं आहे हे कुठे समजावत बसू!