अंगकोरच्या ओवऱ्यांत: जाणकाराबरोबर की आपले आपण?

कंबोडियातील सिएम रीप शहराच्या उत्तरेला, रुंद खंदकाने वेढलेले अंगकोर वाट हे देवालय उभे आहे. राजा दुसरा सूर्यवर्मन याने ते बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधवून घेतले आणि त्याचे तोंड पश्चिमेकडे ठेवले. खंदक ओलांडून, लांबलचक फरसबंद वाट चालून आलेला प्रवासी मुख्य मंदिराच्या पहिल्या ओवरीत पाऊल टाकतो, तेव्हा त्याला डावीकडे किंवा उजवीकडे वळावे लागते. मराठी माणूस बहुधा डावीकडे वळतो, कारण देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

परदेशातील सांस्कृतिक प्रवास जाणकाराबरोबर करावा की आपला आपण, या प्रश्नाचे निम्मे उत्तर याच वळणावर मिळते.

डावीकडे वळलेल्याला प्रथम लंकेचे युद्ध दिसते. वानर आणि राक्षस एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाचा हात कोणता आणि दुसऱ्याचा पाय कोणता, हे शोधण्यात पाहणारा रंगून जातो. पुढे कोपरा वळून तो उत्तरेच्या ओवरीत येतो. तिथल्या पूर्वेकडच्या भागातले कोरीवकाम मूळ मंदिराच्या काळातले नसून सोळाव्या शतकात केलेले आहे, आणि कारागिरी उतरलेली चटकन दिसते. हे ठाऊक नसलेला प्रवासी थोडा हिरमुसतो आणि उरलेल्या भिंती भराभर मागे टाकतो.

उजवीकडे वळले, तर देऊळ डाव्या हाताला राहते. कुरुक्षेत्र, मग सूर्यवर्मनच्या सैन्याची मिरवणूक, त्यापुढे यमाचा न्यायनिवाडा व स्वर्ग-नरक, आणि पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन, असा क्रम लागतो. शिल्पपट याच उलट्या दिशेने वाचायचे आहेत. आपल्याकडे ही दिशा अंत्यविधीतील फेऱ्यांची आहे, आणि या मांडणीवरून अंगकोर वाट हे मंदिर असतानाच राजाचे स्मारकही असावे, असे मत जॉर्ज सेदेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले. मिरवणुकीच्या पटात राजाच्या आकृतीजवळ कोरलेल्या लेखात त्याचे नाव ‘परमविष्णुलोक’ असे येते, आणि ते त्याला मृत्यूनंतर मिळालेले नाव आहे. एवढे सगळे आपल्या आपण त्या भिंतीवरून उमजणे, संस्कृत येत असले तरी, कठीण आहे.

आपल्या प्रवाशांची खरी अडचण वेगळीच आहे. शरपंजरी भीष्म दिसतो, रेड्यावर बसलेला यम दिसतो, मंदर पर्वताला विळखा घालावा तसा वासुकी दिसतो, आणि ‘हे तर आपलेच’ असे म्हणून पाहणे तिथेच थांबते. समुद्रमंथनाचा पट सुमारे 49 मीटर लांब आहे. मध्यभागी विष्णू, एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, हे सारे ओळखीचे असते. परंतु देवांच्या रांगेच्या अगदी टोकाला, सापाची शेपटी धरून, चक्क एक वानर उभा आहे. आपल्या पुराणांतल्या समुद्रमंथनात वानराला जागा नाही. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, शिल्पकाराने त्याला तिथे का उभे केले, हा प्रश्न ज्याला पडतो, त्याचा प्रवास तिथून सुरू होतो. जाणकाराचे मुख्य काम हा प्रश्न पाडण्याचे आहे.

मात्र ‘जाणकाराबरोबरची सहल’ या नावाखाली जे विकले जाते, ते नीट पारखून घ्यावे लागते. मूर्तिशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासकाने नेलेली अभ्याससहल आणि टूर मॅनेजरने हाकलेली सहल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. जेवणाखाण्याची चिंता नको, आजारपणात कोणी पाहणारे हवे, भाषेची सोय हवी, या निवृत्त दांपत्यांच्या गरजा रास्तच आहेत आणि टूर मॅनेजर त्या उत्तम भागवतो. फक्त त्याला सांस्कृतिक मार्गदर्शन म्हणू नये. ओळखण्याची एक साधी खूण आहे. अंगकोरचे परदेशी पाहुण्यांसाठीचे तिकीट 2017 पासून एका दिवसाला 37, तीन दिवसांना 62 आणि सात दिवसांना 72 डॉलर आहे, आणि तीन दिवसांचे तिकीट सलग न वापरता दहा दिवसांच्या मुदतीत वापरता येते. जाहिरातीतल्या कार्यक्रमात एकाच दिवसाचे तिकीट असेल, तर ओवऱ्यांपुढून चालत जाणे होईल, पाहणे होणार नाही.

भारतातून आलेला अभ्यासकही एके ठिकाणी अपुरा पडू शकतो. पश्चिमेच्या बाहेरच्या गोपुरात आठ हातांची एक उंच मूर्ती आहे. आपण तिला विष्णू म्हणतो, छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. स्थानिक लोक मात्र तिला ‘ता रीच’ या नावाने पूजतात, पिवळे वस्त्र नेसवतात, उदबत्त्या लावतात आणि या जागेचा राखणदार मानतात. बौद्ध असलेल्या या लोकांना तिथे कसलीही विसंगती जाणवत नाही. परवानाधारक ख्मेर मार्गदर्शक ही हकीकत सहज सांगतो, कारण ती त्याच्या घरातली असते. त्याहून बरे म्हणजे त्या मूर्तीसमोर बाजूला अर्धा तास बसून राहावे. तीस जणांच्या गटाला असे बसून राहणे परवडत नाही, कारण बस थांबलेली असते आणि जेवणाची वेळ ठरलेली असते.

इथे स्वतंत्र प्रवाशाचे पारडे जड होते. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने त्याच्या दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येते, आणि सूर्योदय पाहून पांगलेली गर्दी तोवर ओसरलेली असते. टुकटुक ठरवलेल्या माणसाला आपली वेळ आपण निवडता येते. राजा सातव्या जयवर्मनने 1186 साली आईच्या स्मरणार्थ स्थापलेले ता प्रोम हे देऊळ, जिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने जीर्णोद्धाराचे काम केले आहे, ते झाडांच्या मुळांमधून एकट्याने हिंडत पाहण्यातच गंमत आहे.

बांतेय स्रेई या छोट्या, गुलाबी दगडाच्या मंदिराबाबतही माझे मत तसेच आहे. 967 साली प्रतिष्ठा झालेल्या या शिवमंदिरात कैलास हलवणारा रावण कोरलेला आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण ज्याने पाहिला आहे, त्याला इथे कथा सांगावी लागत नाही. आणि इथला कैलास पायऱ्यापायऱ्यांच्या मनोऱ्यासारखा, म्हणजे ख्मेर देवळासारखा दाखवला आहे, हे त्याच्या नजरेला आपोआप खटकते.

तेव्हा तीन दिवसांचे तिकीट घ्यावे आणि त्यांतली एकच सकाळ मार्गदर्शकाला द्यावी. त्याला ठरवतानाच सांगावे की पाच देवळे नकोत, अंगकोर वाटच्या पश्चिम ओवरीपासून सुरुवात करायची, उजवीकडे वळायचे आणि समुद्रमंथनाशी थांबायचे. त्यापुढे त्याची सोबत लागणार नाही.