पंपाच्या आधी पाणी मोजा

मित्रांनो, इमारती बाहेरून धुण्याचं, सोलर पॅनेल साफ करण्याचं काम सुरू करायचंय म्हणून येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न पंपाचा विचारतो. किती बारचा, म्हणजे किती दाबाचा घेऊ? माझं म्हणणं, आधी पाणी मोजा. आपण मराठवाड्यात आहोत. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. नळाची वाट बघत दिवस काढणाऱ्या घरात जाऊन "तुमच्या नळाला पाइप जोडू का?" असं विचारणं मला पटत नाही. पाणी आपल्या गाडीत, आपण आणलेलंच हवं.

आता हे पाणी वाहायचं कशात? एक लीटर म्हणजे एक किलो. हजाराची टाकी भरली की एक टन झाला. टाकी, पंप, इंजिन, माणसं वेगळी. छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास असते. त्यावर हजार लीटर घेऊन घाट उतरणारे पाहिले की मला खरंच भीती वाटते. त्या गाडीवर पाचशेच्या पुढे जाऊ नका. पिकअप असेल तर हजाराचा विचार करा, तोही कागदपत्रांतलं वजन बघून.

भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त धोक्याची. ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं, वळणावर एका अंगाला जातं. स्लॅबवर ठेवायच्या घरगुती टाकीत ते अडवायला आतून आडव्या पट्ट्या नसतात. म्हणून पाचशेची एक घेण्यापेक्षा अडीचशेच्या दोन घ्या, बुटक्या आणि काळ्या. काळ्या टाकीत शेवाळ कमी धरतं. आधी एक पूर्ण रिकामी करा, मग दुसरीला हात लावा. टाक्या अँगलच्या चौकटीत बसवा आणि चौकट गाडीला बोल्टनं कसा. नुसत्या दोरीवर भरवसा ठेवू नका.

पंप आता निवडा. मिनिटाला दहा लीटर फेकणारी गन पाचशे लीटर पन्नास मिनिटांत संपवते. कंपाउंडची भिंत, फरशी यांना ती चालेल. पॅनेलवर मात्र तो जोर नको. तिथं बारा व्होल्टचा, मिनिटाला चार-पाच लीटरचा छोटा डायफ्राम पंप आणि मऊ ब्रश पुरतो. तेच पाणी दुप्पट वेळ जातं. उंचीचाही हिशेब धरा. दर दहा मीटरला साधारण एक बार खर्च होतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मोसंबी-डाळिंबाच्या फवारणीचा एचटीपी पंप, म्हणजे जास्त दाबाचा पिस्टनचा पंप असेल. भिंतींसाठी तो उत्तम आहे, पण फवारणीची टाकी आणि नळी इथं आणू नका. लोकांच्या अंगणात औषधाचा अंश जाता कामा नये.

पंप टाकीच्या तळापेक्षा खाली बसवा, म्हणजे पाणी आपोआप येतं. सक्शनची, म्हणजे टाकीतून पंपात पाणी ओढणारी नळी जाड आणि आखूड ठेवा, जाळी लावा. नळी बारीक आणि लांब असली की पंप हवा धरतो, ठोकतो, सील जातात. पिस्टनचा पंप कोरडा चालला तर लवकर बिघडतो. गन बंद असताना फिरणारं पाणी परत टाकीत सोडा. पंपाच्या तोंडाशीच जोडलं तर तेच तेच पाणी फिरून तापतं.

राहिला बोअरचा प्रश्न. आपल्याकडे बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. काचेवर ते वाळलं की पांढरे डाग राहतात. म्हणून शेवटच्या धुण्यासाठी आरओचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये न्या. ते नसेल तर पाणी वाळायच्या आत वायपर ओढा. काम भल्या सकाळी करा, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. आणि एक नीट ऐका: इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या वायरीत वीज असते. सुटलेली वायर किंवा तुटलेली काच दिसली तर त्या रांगेवर पाणी मारू नका. आधी मालकाला दाखवा आणि इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत ती रांग सोडून द्या.