घोडीवरचा उजेड

(दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. संध्याकाळ. भोपळ्यांची रास, भिंतीला टेकलेल्या अर्धवट सतारी.)

मिरजेत सतारी घडू लागल्या त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. २०२४ मध्ये इथल्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं. काम मात्र अजूनही डोळ्यावर आणि हातावरच चालतं. जवारी, म्हणजे तारेचा झंकारणारा नाद, काढायची तर घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं घासत तारेखालचा उतार केसभर फरकानं जुळवायचा. उजेड कमी पडला की हात थबकतो.

म्हणून कारागीर चाचांच्या पुतण्यानं दिवा करायला घेतला. वीस एलईडी. प्रत्येकी १५ कँडेला, झोताचा कोन २० अंश.

"चाचा, वीस पंधरे तीनशे!"

गुणाकार बरोबर आहे. पण कँडेला म्हणजे एका दिशेला जाणाऱ्या उजेडाचा जोर. विसांची तोंडं एकाच दिशेला असतील आणि झोत एकमेकांवर पडत असतील, तरच हे तीनशे खरे. तोंडं फाकली की हिशोब मोडला.

सगळ्या दिशांना मिळून किती उजेड निघतो, ते सांगतं ल्युमेन. ल्युमेनची बेरीज खुशाल करावी. या एका एलईडीचे येतात जेमतेम दीड. विसांचे मिळून ढोबळमानानं २९. घरातला नऊ वॉटचा बल्ब आठशेच्या आसपास देतो! मग हे २९ कामाचे कसे?

(दृश्य: अंधारात घोडीवर पडलेलं उजेडाचं वर्तुळ.)

अर्ध्या मीटरवरून सगळे झोत एका जागी आणले, तर वीतभरापेक्षा लहान वर्तुळात सुमारे १२०० लक्स पडतात. लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. तेच २९ ल्युमेन दोन फूट लांब, दोन फूट रुंद जागेवर पसरले, तर उरतात ८० लक्स. एलईडी तेच, वीजही तेवढीच.

एलईडी फार खेटून बसवले तर तापतात आणि उजेड घटतो, म्हणून मागे ॲल्युमिनियमची पट्टी.

वीसचे चाळीस केले तरी डोळ्याला दुप्पट दिसत नाही. या गल्लीत हे लगेच पटतं: एका सतारीशेजारी तशीच दुसरी छेडली, तर आवाज दुप्पट झाल्यासारखा कुठे वाटतो? डोळ्याला दुप्पट वाटायला उजेड साधारण आठपट लागतो.

पुतण्यानं एलईडी वाढवले नाहीत. बारा सरळ खाली रोखले, आठ बाजूनं, अगदी आडवे.

(दृश्य: घोडीचा माथा, जवळून.)

आडव्या उजेडात कानशीचा एकेक ओरखडा सावली टाकतो. चाचांनी घोडी जरा फिरवली आणि पुन्हा कानस उचलली.