बाळाचे जुलाब: गोळी कधी, पाणी किती

श्रोतेहो, नमस्कार. पंचगंगा पात्राबाहेर आली की नदीकाठच्या विहिरींत, फुटक्या पाइपांत घाण पाणी शिरतं आणि लहान मुलांना जुलाब लागतात. मग औषधाच्या दुकानात पहिली मागणी अँटिबायोटिकची. पण तान्ह्या मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही.

रोटाव्हायरसमध्ये बहुधा आधी उलट्या नि ताप, मग पाण्यासारखी शी. हा थंडीतही गाठतो. त्याची लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना तोंडावाटे, सरकारी केंद्रात फुकट मिळते. नोरोव्हायरस उलट्यांनी बेजार करतो, पण दोन-तीन दिवसांत आटोपतो.

शीतून आव-रक्त पडतंय, ताप आहे, मूल कुंथतंय, तर संशय शिगेलाचा. हा जीवाणू फार चिवट. शंभरापेक्षा कमी जंतूही पुरतात, म्हणून न धुतलेल्या हातांनी तो घरभर फिरतो. इथं अँटिबायोटिक लागतं, पण डॉक्टरांनी ठरवलेलं. कॉलऱ्यात तांदळाच्या धुवणासारखी शी होते आणि काही तासांत मूल सुकतं. ई. कोलाय या जीवाणूचे पातळ जुलाब मात्र नुसत्या नजरेनं विषाणूंच्या जुलाबांपासून वेगळे ओळखता येत नाहीत.

जंतू कोणताही असो, जीव जातो तो बहुतेकदा पाणी आणि क्षार गेल्यानं. म्हणून ओआरएस, म्हणजे साखर-क्षारांची पूड पाण्यात विरघळवून केलेलं पेय. चूक होते ती इथंच: मोठं पाकीट अर्धं करून पेल्यात कालवतात. ते जास्त खारट होतं आणि रक्तात मीठ वाढतं. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर लिटरच्या बाटलीनं उकळून गार केलेलं पाणी मोजा आणि पाकीट सगळं टाका. तांब्याचा भरवसा नको, प्रत्येक घरचा वेगळा. लहान पाकीट 200 मिलिलिटरचं असतं. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सावकाश सुरू करा. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या. अंगावरचं दूध, मऊ भात बंद करू नका. जुलाब बांधणारी मोठ्यांची गोळी मुलाला अजिबात नको.

सोबत झिंक 14 दिवस: दोन ते सहा महिन्यांपर्यंत रोज 10 मिलिग्रॅम, पुढे 20. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवा. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या पुऱ्या करा.

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश खाली बसली, डोळे खोल गेले, मूल मलूल झालं, पाणी पिईना, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. वाटेतही ओआरएस चालू ठेवा.