फोन कपाटात गेला, फिल्टरचं काय?

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. तिळगूळ वाटून झालाय, म्हणजे आता गोडच बोलायला हवं. तरी थोडं भांडणार आहे, चालवून घ्या.

सप्टेंबर 2025 पासून न्यूयॉर्क राज्यातल्या सरकारी शाळांत पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत स्मार्टफोन बंद झाले. मी या बंदीच्या बाजूची आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा जो गदारोळ झाला तो मुलांचा नव्हता, आपला होता. "काही झालं तर पोराला गाठायचं कसं?" अहो, शाळेने पालकांना संपर्काची सोय करून द्यायची, हे त्याच कायद्यात आहे. आणि खरं सांगा, साडेअकराला आपला जो मेसेज जातो तो "डबा खाल्लास का" एवढाच असतो ना? तोही गणिताच्या तासाला.

न्यूयॉर्क शहरात अशी बंदी ब्लूमबर्ग महापौर असतानाही होती; 2015 मध्ये त्यांच्यानंतरचे महापौर डी ब्लासिओ यांनी ती उठवली. कागदावर ती सगळ्यांना सारखीच होती. पण ज्या शाळांच्या दारात मेटल डिटेक्टर होते, तिथे फोन लपवून नेणं शक्य नव्हतं. मग त्या शाळांबाहेर सकाळी ट्रक उभे राहायचे. दिवसाला एक डॉलर द्यायचा, फोन ठेवायचा, शाळा सुटली की परत घ्यायचा. मेटल डिटेक्टर कुठल्या वस्त्यांतल्या शाळांना होते ते मी सांगायला नको: गरिबांच्या. बाकीच्या शाळांतली मुलं फोन दप्तरात टाकून बिनघोर आत जायची. आता फोन ठेवायची सोय शाळेनेच करायची आहे, हे बरं झालं.

मला खटकतो तो फिल्टर, म्हणजे शाळेच्या इंटरनेटवर वेबसाइट अडवणारं सॉफ्टवेअर. त्याच्यावर ग्रुपमध्ये कोणी चकार शब्द काढत नाही, कारण तो दिसत नाही.

2000 साली चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन अ‍ॅक्ट हा अमेरिकेचा केंद्रीय कायदा आला. इंटरनेटच्या बिलात ई-रेट या सरकारी योजनेची सवलत हवी असेल, तर शाळेने फिल्टर बसवायचा. पण हा कायदा फिल्टर मागतो तो चित्रांपुरता: अश्लील आणि मुलांना घातक अशी चित्रं. मजकूर अडवा असं त्यात नाही. मुलांच्या वापरावर देखरेख ठेवायला तो सांगतो, पण कोणत्या मुलाने काय पाहिलं याचा माग ठेवायची सक्ती करत नाही, आणि तसं त्यात स्पष्ट लिहिलंय. मग इतकं सगळं बंद का? मी पोटापाण्यासाठी नेटवर्कचंच काम करते. शाळा फिल्टर विकत घेते, कंपनीने वेबसाइटचे प्रकार पाडून ठेवलेले असतात, आणि ऑफिसातलं कोणीतरी त्यांच्यापुढे टिकमार्क करतं. शंका आली की ब्लॉक. ब्लॉक केलं म्हणून कोणाची नोकरी जात नाही. उघडं ठेवलं तर जाऊ शकते.

माझ्या मुलीला आरोग्याच्या तासासाठी स्तनांच्या कॅन्सरवर माहिती काढायची होती. शाळेने दिलेला लॅपटॉप, म्हणजे क्रोमबुक, रात्रीचे नऊ, आमच्या जेवणाच्या टेबलावर. पान उघडलंच नाही. कारण दिलं होतं, 'नग्नता'. तिने खांदे उडवले, माझा लॅपटॉप ओढला आणि पाच मिनिटांत काम उरकलं. ज्या घरात क्रोमबुक हाच एकमेव कॉम्प्युटर आहे, तिथल्या मुलीने काय करायचं? ट्रकवाल्याला डॉलर देणारी मुलं मला तेव्हा आठवली.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची बातमी तुम्ही वाचली असेल. 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं. बंदीच ती, पण गावाने एकत्र बसून ठरवलेली, आणि मोठ्यांनाही लागू. आपल्या मुलांच्या फिल्टरबद्दल आपल्याला कोणी विचारलं होतं का?

खरं म्हणजे विचारायची तरतूद आहे. इंटरनेट सुरक्षेचं धोरण ठरवताना शाळेने जाहीर सूचना देऊन किमान एक खुली बैठक घेतली पाहिजे, असं तोच कायदा सांगतो. ती बैठक बहुधा कधीच होऊन गेली आणि आपण तिकडे फिरकलो नाही. हरकत नाही, शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाची मीटिंग होतच असते आणि पालकांना बोलायला थोडा वेळ मिळतो. तिथे विचारा: ब्लॉकची यादी कोण ठरवतं? चुकून अडलेलं पान उघडून घ्यायला मुलाने कोणाला सांगायचं आणि किती दिवस लागतात? क्रोमबुक घरी आल्यावर कोण काय बघतं आणि ती नोंद कधी पुसली जाते? प्रश्न कागदावर लिहून न्या, उत्तरही लेखी मागा. एकट्याने उभं राहायला संकोच वाटत असेल तर आता चहाच्या वेळी मला गाठा, आपण तिघं-चौघं मिळून जाऊ.