गच्चीवर कोण होतं?

पाळकसाहेब, वडीलजन आणि तरुण संघातल्या मुलामुलींनो, सलाम.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘अंतःकरणाची राखण’. नीतिसूत्रं 4:23, ‘आपल्या अंतःकरणाची राखण कर’, तुम्हाला पाठ आहे, संडेस्कूलमध्ये त्यावर बक्षिसंही घेतली असतील. तिकडे येतोच, पण आधी मला एका बाईची बाजू मांडू द्या.

बथशेबाची, दावीद राजाने जिला अंघोळ करताना पाहिलं आणि आपल्याकडे आणवून घेतलं, तिची. ती गच्चीवर अंघोळ करत होती, असं लहानपणापासून ऐकत आलोय. मध्यंतरी एका संजीवन सभेत वक्त्यांनी पाऊण तास त्या अंघोळीवरच घालवला आणि शेवटी मुलींना ओढणी नीट घ्यायला सांगितलं. मुलांना? काही नाही. पोरं खुशीत उठली आणि मिसळ खायला गेली. आता 2 शमुवेल, अध्याय 11 काढा. गच्चीवर कोण आहे? दावीद. ती कुठे अंघोळ करत होती, हे लिहिलेलंच नाही. (मागच्या बाकावर कुजबुज नको, बायबल उघडा.) घराच्या धाब्याला, म्हणजे गच्चीला, कठडा बांधावा, कोणी खाली पडू नये, असा नियमशास्त्राचा हुकूमच आहे, अनुवाद 22:8. कठडा असेलही. राजा पडला तो आतल्या बाजूला.

पुढे नाथान संदेष्टा दावीदाकडे येतो, श्रीमंताने हिरावून घेतलेल्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. त्यात मेंढीला कोणी बोल लावत नाही. मत्तय 5 मध्येही प्रभू येशू वाईट नजरेबद्दल बोलताना ‘तुझा उजवा डोळा’ उपटून टाक म्हणतो, बाईच्या पदराबद्दल अवाक्षर नाही.

मग राखण सुटली कुठे? दावीदाच्या त्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात. राजे लढाईला निघतात ते दिवस, सेनापती यवाब राब्बा शहराला वेढा घालून बसलाय, आणि राजा घरी. संध्याकाळी पलंगावरून उठतोय! आपण पन्हाळ्याच्या मुलखातली माणसं. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चार महिने कडक होता. ढिला पडला कधी? महाराज शरण येतायत असा निरोप गेल्यावर, ऐन पावसाळ्यात. महाराज निसटले हे आपलं भाग्य. पण एकदा त्या पहारेकऱ्यांच्या जागी बसून बघा. दावीदही जिंकतच होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे रस्सा गरम झालाय.

तर भराभर. नजर पडणं हे पाप नव्हे. दावीदाने चौकशी केली, ती आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको आहे असं उत्तर आलं, तरी माणसं पाठवली. परतायला जागा होती. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा संन्यासी इव्हाग्रियस हेच सांगतो: विचार येणं आपल्या हातात नाही, त्याला मुक्कामाला ठेवायचं की नाही, हे आहे. मालकाच्या, पोटीफराच्या, बायकोने धरलं तेव्हा योसेफाने वाद घातला नाही, वस्त्र टाकून पळाला. आणि त्याआधीही रोज तिच्याजवळ थांबणं टाळत होता, ते आपण वाचत नाही. ईयोबाने वाईट नजरेने न पाहण्याचा डोळ्यांशी करार आधीच करून ठेवला. आपली गच्ची म्हणजे रात्री उशाशी ठेवलेला मोबाइल. तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. जे आधीच घसरलेत त्यांनी स्तोत्र 51 वाचावं, नाथान येऊन गेल्यानंतरचं आहे ते. दावीद तिथे शुद्ध हृदय मागून घेतो, स्वतः घडवत बसत नाही.

आणि याकोब 5:16, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. एकमेकांजवळ म्हणजे विश्वासाच्या एका माणसाजवळ, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हे. त्यासाठी पुरुषांची महिन्यातून एक छोटी बैठक सुरू करावी. सेक्रेटरी, एवढी सूचना इतिवृत्तात घ्या, आणि पहिल्या बैठकीला वडीलजनांनी आधी बोलावं.